बहुसांस्कृतिक समुपदेशनाचा पेपर शिकवायचा कसा? (समाजनिहाय यादी नको आहे)

शिकाऊ_शिक्षिका:

नमस्कार मंडळी. काउन्सेलिंगच्या कोर्सला शिकवते, आणि या टर्मपासून मल्टीकल्चरलचा पेपर माझ्या गळ्यात पडलाय. आधीच्या नोट्स मिळाल्या त्या उघडून बघितल्या तर प्रत्येक समाजगटाला एकेक स्लाइड. अमुक गट कुटुंबाला धरून राहणारा, तमुक गट भावना बोलून दाखवत नाही, अमक्यांच्या नजरेला नजर देऊ नका, तमक्यांना थेट सल्ला लागतो. मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्कही झकास पडतात.

आणि मग रोलप्लेमध्ये काय झालं बघा. क्लायंट झालेली मुलगी सांगत होती की तिने घर सोडलंय, घरच्यांशी बोलणं बंद आहे आणि तिला त्याचं हलकं वाटतंय. काउन्सेलर झालेल्या मुलाच्या डोक्यात तिच्या गटाची स्लाइड, तो म्हणाला, "पण तुमच्याकडे कुटुंबाला फार महत्त्व असतं ना, आतून अपराधी वाटत असेल." ती म्हणाली, नाही. हा परत, "कदाचित तुम्ही ते दाबून टाकताय." ती पुन्हा नाही म्हणाली. हा पठ्ठ्या मागेच लागला, शेवटी कंटाळून ती म्हणाली, "असेल थोडं." आणि हा खूश, की रेझिस्टन्स (क्लायंटचा आतला विरोध) मोडून काढला म्हणून! वर्गातल्या निम्म्या मुलांनी फीडबॅकमध्ये लिहिलं, 'छान सांस्कृतिक संवेदनशीलता दाखवली.'

मी डोक्याला हात लावून बसले. तर प्रश्न असा आहे की यादी काढून टाकली तर शिकवायचं काय? आणि काहीच माहिती द्यायची नाही हेही पटत नाही, कोरी पाटी घेऊन क्लायंटसमोर बसवणं पण बरोबर नाही ना. ज्यांनी हा पेपर शिकवलाय किंवा शिकलाय किंवा सुपरव्हिजन (शिकाऊ काउन्सेलरच्या कामावर देखरेख) करताय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुना_खांब:

तुमच्या नोट्सचं जे झालंय ते बऱ्याच ठिकाणी झालंय, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. गंमत अशी की हा विषय सुरू झाला तो नेमका उलट्या टोकाने. १९६२ मध्ये गिल्बर्ट रेन या अमेरिकन शिक्षकाने लिहिलं की काउन्सेलर स्वतःच्याच संस्कृतीच्या कोषात बंद असतो आणि आपण बंद आहोत हेच त्याला कळत नाही. म्हणजे पहिला संशयित काउन्सेलर! क्लायंटचा नंबर नंतर. पुढे १९९२ मध्ये डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोन्डो आणि मॅकडेव्हिस यांनी ३१ क्षमतांची चौकट मांडली, तिच्यातही सुरुवात काउन्सेलरने स्वतःची गृहीतकं ओळखण्यापासून आहे, मग क्लायंटच्या जगाकडे बघण्याची नजर, मग त्याला जुळतील अशा पद्धती. या तिन्हींत पुन्हा दृष्टिकोन, ज्ञान आणि कौशल्य असे तीन भाग, म्हणजे एकूण नऊ घरं झाली.

आता अभ्यासक्रम करणारा माणूस काय करतो, तर ज्याची परीक्षा घेता येते तेच ठेवतो. नऊपैकी एकच घर लेखी पेपरात सोयीने बसतं, 'क्लायंटबद्दलचं ज्ञान'. बाकीची आठ घरं पहिल्या लेक्चरच्या प्रस्तावनेत उरकली जातात. इथेच घोडं पेंड खातं.

मी काय करतो ते सांगतो. पामेला हेज यांनी माणसाच्या ओळखीच्या पैलूंची एक यादी दिलीय, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ॲड्रेसिंग' या नावाने ती शिकवली जाते. वय, अपंगत्व (जन्मापासूनचं वेगळं आणि नंतर आलेलं वेगळं), धर्म, वांशिक ओळख, आर्थिक-सामाजिक स्तर, लैंगिक कल, मूळनिवासी वारसा, राष्ट्रीयत्व आणि लिंगभाव. मुलांनी क्लायंटबद्दल काही लिहायच्या आधी हे रकाने स्वतःबद्दल भरायचे, आणि कुठल्या रकान्यात आपलं पारडं जड आहे त्यावर खूण करायची. दरवेळी एकच तऱ्हा बघतो, जिथे आपल्याला सोसावं लागलं तिथे पानभर लिहितात आणि जिथे आपलं बरं चाललंय तिथे 'लागू नाही'. एकीने अपंगत्वापुढे 'नाही' एवढंच लिहिलं होतं. तिला विचारलं, तुझी प्रॅक्टिकमची (खऱ्या क्लायंटसोबतच्या सरावाची) खोली कितव्या मजल्यावर? म्हणाली तिसऱ्या. लिफ्ट आहे? नाही. मग तुझ्याकडे कोण कधीच आलं नाही, ते सांग. त्यानंतर तिने त्याच रकान्यात एवढं लिहिलं की पुरवणी जोडावी लागली.

हे होईपर्यंत गटांची माहिती देतच नाही. आधी माहिती दिली की मुलं ती ढालीसारखी धरतात.

तिरकस:

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मला हा वेगळा पेपरच पटत नाही. संस्कृती सख्ख्या भावंडांचीसुद्धा एक नसते, एक शहरात हॉस्टेलला वाढतो, एक घरी, झाली ना दोन जगं. मग प्रत्येकच क्लायंट परका आणि प्रत्येकच काउन्सेलिंग मल्टीकल्चरल. क्लायंट-केंद्री काउन्सेलिंगवाला कार्ल रॉजर्स सांगून गेला तसं मनापासून ऐकायला शिकवा की, बाकी सगळं त्यात आलं.

उलट या पेपरने मुलं भेदरून जातात हे मी बघितलंय. एक इंटर्न तर दर दोन वाक्यांनी "माझ्या बोलण्यात तुमच्या संस्कृतीचा अनादर झाला असेल तर सांगा हं" म्हणायचा. शेवटी क्लायंटच त्याला धीर देत होती की नाही हो, काही झालं नाही, तुम्ही विचारा. पन्नास मिनिटांत पंधरा मिनिटं ती त्याला सांभाळत होती!

जुना_खांब:

@तिरकस, इंटर्नचा किस्सा शंभर टक्के खरा असणार, मीही असे पाहिलेत. पण "ऐकलं की झालं" यावर जरा थांबा. क्लायंट विचारतो, "मी काय करू सांगा," आणि विद्यार्थी शिकवल्याप्रमाणे म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं?" आपल्या लेखी हा आदर आहे. ज्या घरात मोठ्या माणसाकडे सल्ला मागायला जातात आणि तो सल्ला देतो, तिथून आलेल्या माणसाला वाटतं, याला काही येत नाही किंवा याला सांगायचं नाहीये. तो दुसऱ्यांदा येत नाही. म्हणजे तुमचं ते 'मनापासून ऐकणं' सुद्धा कुठल्या तरी एका संस्कृतीच्या मातीतलंच आहे, त्यात माणूस एकटा बसून आपलं आपण ठरवतो असं धरलेलंच आहे. तेवढंही मुलांना दाखवलं नाही तर ती त्यालाच 'न्यूट्रल' समजत राहणार.

आणि @शिकाऊ_शिक्षिका, तुमच्या 'कोरी पाटी की यादी' या पेचाचं उत्तर स्टॅन्ली सू यांनी १९९८ मध्ये बरंच देऊन ठेवलंय (हे वरच्या डेराल्ड सूंचे भाऊ). त्यांचे दोन मुद्दे वर्गात जरूर घ्या. एक, गटाबद्दल जे माहीत आहे तो फक्त अंदाज, तो तपासायचा, क्लायंटकडून पुरावा मिळेपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही. दोन, कधी गटाची माहिती लावायची आणि कधी समोरच्या एका माणसापुरतं बघायचं याचं तारतम्य. तुमच्या रोलप्लेमधल्या मुलाचा पहिला प्रश्न अंदाज म्हणून चालला असता. तिच्या पहिल्या 'नाही'ला त्याने तो खिशात घालायला हवा होता. मी तर मार्किंगच तसं ठेवतो, अंदाज चुकल्याचे मार्क जात नाहीत, अंदाज न सोडल्याचे जातात.

मधली_खुर्ची:

पॉल पेडरसन यांची ट्रायड पद्धत वापरून बघा. मी शिकताना केलीय आणि आता शिकवतेही. साधी वाटते पण करताना घाम फुटतो.

एक काउन्सेलर, एक क्लायंट, आणि क्लायंटच्या शेजारी तिसरा माणूस, अँटी-काउन्सेलर. क्लायंटच्या मनात जे चाललंय पण तो बोलणार नाही ते या तिसऱ्याने मोठ्याने बोलायचं. परवाचंच एक सेशन आठवेल तसं लिहिते. क्लायंट नोकरी सोडण्याबद्दल बोलायला आलाय, वयाने मोठा, काउन्सेलर पंचविशीतली.

काउन्सेलर: यात तुम्हाला स्वतःला काय हवंय?
क्लायंट: तसं काही ठरवलं नाहीये.
अँटी: बघ, लगेच 'तुम्हाला स्वतःला'. घरात किती माणसं तुझ्या पगारावर आहेत हे विचारलं का हिने?
काउन्सेलर: म्हणजे निर्णय घ्यायला भीती वाटते का?
क्लायंट: भीती नाही...
अँटी: तुला भित्रा म्हणाली. तुझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोरगी.
काउन्सेलर (अँटीकडे वळून): मी असं नाही म्हणाले!

आणि इथे सगळा वर्ग हसला, कारण ती क्लायंटला सोडून त्याच्या मनाशीच भांडायला लागली. खऱ्या सेशनमध्ये पण हेच होतं, फक्त ते आवाज ऐकू येत नाहीत. तिने मग दीर्घ श्वास घेतला आणि क्लायंटला म्हणाली, "मी तुमच्या एकट्याबद्दलच विचारत राहिले. या निर्णयात अजून कोण कोण आहे ते सांगाल?" क्लायंट खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागला आणि अँटीवाल्याला बोलायला काही सापडेना. ती जागा सापडणं म्हणजेच ट्रेनिंग.

पेडरसनच्या मते यातून चार गोष्टी तयार होतात. क्लायंटच्या बाजूने प्रश्न मांडता येणं, त्याचा विरोध नेमका कशाला आहे ते ओळखणं, आपला बचावाचा पवित्रा कमी होणं, आणि घसरल्यावर सावरता येणं. मला शेवटची सगळ्यात मोलाची वाटते. तिरकस म्हणतात तो भेदरलेला इंटर्न सावरायचा सराव न झालेलाच असतो. एकदा कळलं ना की बोलण्यात घसरलो तरी सेशन बुडत नाही, मग ती दर दोन वाक्यांची माफी आपोआप बंद होते.

दोन पथ्यं मात्र पाळा. अँटी हा क्लायंटच्याच पार्श्वभूमीचा हवा, नाहीतर तो त्या गटाबद्दलच्या ऐकीव गोष्टी बोलत सुटतो आणि तुमच्या त्या स्लाइडच परत जिवंत होतात. आणि रोलप्ले दहा मिनिटं, चर्चा निदान त्याच्या दुप्पट. चर्चेत पहिलं क्लायंट झालेल्याने बोलायचं.

क्लायंटच्या_बाजूने:

मी या क्षेत्रातला नाही, क्लायंट म्हणून गेलोय तेवढंच. चालत असेल तर लिहितो.

पहिल्या काउन्सेलर बाई माझ्यापेक्षा अगदी वेगळ्या वातावरणातल्या होत्या. मनाने चांगल्या. पण कितीतरी सेशन मी त्यांना आमच्या घरात कोण कोणाचं ऐकतं, कोणासमोर काय बोलायचं नसतं हेच समजावत होतो आणि त्या कुतूहलाने ऐकत होत्या, अजून सांगा म्हणत होत्या. फी मी देत होतो आणि शिकवणीही मीच घेत होतो. सोडलं.

मग मुद्दाम आपल्यातलाच बघितला. तो उलट. मी वाक्य अर्धं बोललो की "कळलं कळलं, आपल्याकडे असंच असतं." त्याला काहीच विचारावंसं वाटेना. मला जे सांगायचं होतं ते आमच्याकडे तसं *नसल्याबद्दल* होतं, ते राहूनच गेलं. तेव्हा एकाच समाजाचे काउन्सेलर आणि क्लायंट जुळवले की काम झालं असं कोणी म्हणत असेल तर माझा अनुभव हा असा आहे.

तिसऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आपण दोघं बऱ्याच बाबतीत वेगळ्या घरांतून आलोय. त्यामुळे माझ्याकडून काही निसटतंय असं वाटलं तर थांबवा, आणि मीही मधून मधून विचारत राहीन." बास, एवढंच. आणि खरंच विचारायच्या. त्यांच्याकडे टिकलो.

मधली_खुर्ची:

@क्लायंटच्या_बाजूने, हा प्रतिसाद प्रिंट काढून वर्गात वाचावा असा आहे. तिसऱ्या बाईंनी केलं त्याला आमच्याकडे 'ब्रोचिंग' म्हणतात, फरकाचा विषय काउन्सेलरने स्वतःहून काढणं. क्लायंटने काढायची वाट बघायची नाही, कारण त्याला तो काढणं जास्त महागात पडतं. आणि विषय काढून क्लायंटला त्यात रस नसेल तर तो तिथेच सोडायचा, ओढत बसायचा नाही. मुलांकडून हे एकच वाक्य प्रत्येकाच्या स्वतःच्या शब्दांत तयार करून घ्या आणि मोठ्याने म्हणायला लावा. पाठ केलेलं लगेच कळतं.

ओलावा:

हॉस्पिटलमध्ये काम करते, माझ्या बाजूने थोडी भर.

माहिती गोळा करायला तयार प्रश्न हवे असतील तर डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) सोबत २०१३ मध्ये आलेला कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू बघा, १६ प्रश्न आहेत, नातेवाइकाला विचारायचा वेगळा नमुनाही आहे. त्यातला मला सगळ्यात आवडणारा म्हणजे, ही अडचण तुम्ही तुमच्या घरच्यांना किंवा मित्रांना कशी सांगाल? डॉक्टरसमोर माणूस 'डिप्रेशन' म्हणतो आणि या प्रश्नावर म्हणतो "घरी सांगतो की अंगात जीव नाही." इथून खरं बोलणं सुरू होतं. आधी कुठे कुठे मदत घेतली हेही त्यात येतं, मग ते डॉक्टर असोत, धर्मगुरू असोत नाहीतर घरातलं वडीलधारं माणूस. मुलांना सांगा की हे विचारताना भुवई वर जाता कामा नये. फक्त चेकलिस्टसारखे सोळाच्या सोळा धडाधड विचारले तर यादीचं राज्य परत आलंच समजा.

दुसरं, दुभाष्यासोबत सेशन. हे कोणी शिकवतच नाही आणि पहिल्या नोकरीत तेच समोर येतं. त्रिकोणात बसायचं, क्लायंटकडे बघून बोलायचं ("त्यांना विचारा" असं म्हणायचं नाही), वाक्यं लहान ठेवायची, सेशनआधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं दुभाष्याशी बोलायचं, कारण जड गोष्टी त्याच्याही तोंडातून जातात. घरातल्या मुलाला दुभाषा करायचं नाही. आईचं दुःख दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेणं कुठल्याच संस्कृतीत बसत नाही.

तिसरं जरा कडू आहे. तुमच्या वर्गात ज्या गटाची एक-दोनच मुलं असतील त्यांना "तुमच्याकडे कसं असतं सांग" करू नका. माझ्यावर ही वेळ आली होती. मी फी भरून शिकायला गेले होते आणि तासभर बाकीच्यांचं शिक्षणसाहित्य होऊन परत आले. स्वतःहून कोणी बोललं तर उत्तम, नाव घेऊन उठवायचं नाही.

शिकाऊ_शिक्षिका:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. ओलावा, तुमचा तिसरा मुद्दा लिहून ठेवलाय.

आता खरा अडकलेला प्रश्न. मार्क कसे द्यायचे? ऑफिसला आकडा लागतो. काही कॉलेजांत मुलांकडून स्वतःची सांस्कृतिक क्षमता मोजायची स्केल भरून घेतात, टर्मच्या आधी आणि नंतर, आणि स्कोअर वाढला की कोर्स यशस्वी. ते करू का?

जुना_खांब:

ती स्केल चर्चेसाठी भरून घ्या, मार्कांसाठी अजिबात नको. स्वतःला दिलेला स्कोअर आणि प्रत्यक्ष केस मांडताना सांस्कृतिक बाजू लक्षात येणं यांचा मेळ बसत नाही हे लडानी आणि कॉन्स्टंटाइन यांच्या १९९७ आणि २००० च्या अभ्यासांत दिसलंय. चांगलं दिसण्याची इच्छा स्कोअरमध्ये मिसळलेली असते. माझा अनुभव तर असा की चांगला कोर्स झाला की काही मुलांचा स्कोअर *खाली* येतो. आपल्याला किती कमी कळतं हे तेव्हा कुठे कळतं. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या हिशोबाने चांगला कोर्स नापास.

टर्व्हालोन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बाईंनी १९९८ मध्ये 'कल्चरल ह्युमिलिटी' (सांस्कृतिक नम्रता) मांडली. त्यांचं म्हणणं, ही क्षमता एकदा मिळवून खिशात ठेवायची चीज नाही, आयुष्यभर स्वतःला तपासत राहायचं आणि समोरच्याच्या आणि आपल्या अधिकारातला फरक विसरायचा नाही. २०१३ मध्ये यावरून एक स्केल निघाली, ती क्लायंट भरतो, काउन्सेलर नाही. तुम्हाला आकडाच हवा असेल तर तिकडून आणा.

बाकी मार्क टेपवर, म्हणजे सेशनच्या रेकॉर्डिंगवर द्या. विद्यार्थ्याने स्वतःच्या सेशनमधली पाच-सात मिनिटं निवडायची, लिहून काढायची आणि समासात लिहायचं की इथे मी काय गृहीत धरलं, कशावरून, आणि क्लायंटच्या कुठल्या शब्दाने ते बदललं किंवा बदलायला हवं होतं. हे घोकून येत नाही.

तिरकस:

टेपवर मार्क हे मान्य. हे माझ्या 'ऐकायला शिकवा'च्या बरंच जवळ आलं, पण असो.

एक राहतंय. शिकवणाऱ्यांचं काय? आमच्या पिढीच्या निम्म्या सुपरव्हायझरांनी यातलं काहीच शिकलेलं नाही. विद्यार्थी टेप घेऊन येणार, त्याला खटकलेली गोष्ट सुपरव्हायझरला दिसतच नसणार, आणि मार्क त्याच्याच हातात. बोलेल का तो? सरांसमोर मान डोलावेल आणि बाहेर येऊन मित्राला खरं सांगेल. तुम्ही पोरांना कितीही ट्रायडच्या खुर्च्यांवर बसवा, सुपरव्हिजनच्या खोलीत ये रे माझ्या मागल्या.

जुना_खांब:

यावर वाद नाही. म्हणून ब्रोचिंग सुपरव्हिजनलाही लागू करा. विषय सुपरव्हायझरनेच काढायचा, पहिल्याच मीटिंगला, क्लायंटबद्दलही आणि विद्यार्थी आणि आपल्यामधल्या फरकाबद्दलही. आणि शक्य असेल तर टेपचे मार्क सुपरव्हायझरने न देता पेपर शिकवणाऱ्याने द्यावेत. शिक्षिका बाई, म्हणजे तुमचं काम वाढलं.

शिकाऊ_शिक्षिका:

वाढू दे. ठरवलंय असं, स्लाइड सध्या बाजूला, पहिले काही तास रकाने, मग ट्रायड, मग सोळा प्रश्न आणि दुभाष्याचा सराव, शेवटी टेप. गटांची माहिती प्रत्येकाने आपल्या प्रॅक्टिकममधल्या क्लायंटपुरती शोधायची आणि 'अंदाज' अशा मथळ्याखाली लिहायची. एकच शंका, टेपसाठी क्लायंटची संमती घेताना काही अडचण येते का? आमचा फॉर्म दोन पानी इंग्रजी आहे.

मधली_खुर्ची:

येते. लोक सही करतात कारण त्यांना वाटतं नाही म्हटलं तर सेशन मिळणार नाहीत. फॉर्म क्लायंटच्या भाषेत करा, अर्ध्या पानात बसवा. नाही म्हटलं तरी सेशन तशीच चालू राहतील हे वाक्य सगळ्यात वर, विद्यार्थ्याने तोंडानेही सांगायचं. टेप कोण ऐकणार आणि कधी पुसणार ते लिहा, आणि मधेच बंद करायला सांगता येईल हेही. रेकॉर्डर क्लायंटच्या हाताला येईल असा ठेवायचा, म्हणजे बटण तो स्वतः दाबू शकतो. कोणीच हो म्हटलं नाही तर विद्यार्थ्याने सेशननंतर लगेच आठवून लिहिलेलं चालवून घ्या. माझ्या एका बॅचला तसंच करावं लागलं होतं. फॉर्मचा नमुना हवा असेल तर व्यनि करा, पाठवते.